साच्याची घाई नको: कल्पनेतली वस्तू विक्रीपर्यंत नेण्याचा क्रम

नवीन वस्तूची कल्पना सुचलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो की साच्याला खर्च किती येईल. हा प्रश्न चुकीचा नाही, त्याची वेळ चुकीची आहे. वितळलेले प्लास्टिक ज्यात भरून वस्तूचे भाग काढतात, तो साचा बहुधा पोलादाचा असतो. तो कापायला घेईपर्यंत ज्या गोष्टी आपण ठरवलेल्या नसतात, त्या साचा कापणारा कारागीर आपल्या वतीने ठरवून टाकतो आणि पुढे त्या बदलायच्या म्हटल्या की वेळ व पैसा दोन्ही दुप्पट लागतात. पुढील टप्पे या एका गोष्टीभोवती मांडलेले आहेत: साच्याआधी काय काय संपलेले असले पाहिजे आणि साच्यानंतर काय सुरू होते.

उदाहरणासाठी एकच वस्तू शेवटपर्यंत घेतली आहे. ती म्हणजे घडी होणारा मोबाईल स्टँड: प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी धातूची पिन, फोन टेकण्यासाठी खाच आणि खाली चार रबरी पाय. हा स्टँड मी स्वतः एकदा चुकीच्या क्रमाने बनवलेला आहे.

१. अपेक्षा मोजता येतील अशा वाक्यांत लिहिणे

‘मजबूत’, ‘हलका’, ‘सर्व फोनसाठी योग्य’ हे शब्द जाहिरातीत चालतात, कारखान्यात चालत नाहीत. प्रत्येक अपेक्षेला आकडा आणि तो तपासण्याची रीत जोडावी. उदाहरणार्थ, ‘कव्हरसह ३०० ग्रॅम वजनाचा फोन आडवा आणि उभा ठेवून पडद्यावर बोटाने दाबला असता स्टँड मागे सरकू नये’, ‘५,००० वेळा उघडमीट केल्यानंतरही फोनच्या भाराने बिजागरी आपोआप मिटू नये’, ‘एक मीटर उंचीवरून कठीण फरशीवर सहा वेगवेगळ्या बाजूंनी पाडला असता तडा जाऊ नये’. अशी दहा-बारा वाक्ये पुरतात. यापेक्षा जास्त लिहिणारे बहुधा अपेक्षा आणि हौस यांत गल्लत करतात.

याच कागदावर वस्तू कोणत्या देशांत विकायची आहे ते नोंदवावे, कारण सुरक्षेचे नियम, प्रमाणपत्रे आणि वेष्टनावरचा मजकूर त्यावरून ठरतो. स्टँडमध्ये वीज नाही म्हणून हा भाग सोपा आहे. मात्र त्यात लिथियम बॅटरी टाकली की वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या ३८.३ क्रमांकाच्या चाचण्यांचा अहवाल लागतो आणि तो नसेल तर तयार माल गोदामातच अडकून पडतो. वस्तू लहान मुलांच्या हातात जाणारी असेल तर सुटे होऊ शकणारे छोटे भाग, टोके आणि रंगातील रसायने यांचे नियम पहिल्या दिवसापासून आराखड्यात धरावे लागतात.

तपासणी: हा कागद वस्तू कधीही न पाहिलेल्या माणसाला द्यावा. ‘ही चाचणी नेमकी कशी घ्यायची?’ असे त्याने एकदाही विचारले, तर ते वाक्य पुन्हा लिहावे.

२. किंमत उलट्या दिशेने मोजणे

उत्पादन खर्चात नफा मिळवून विक्री किंमत काढण्याची सवय सोडून द्यावी. ग्राहक किती देईल तिथून सुरुवात करून मागे यावे. समजा, कर सोडून विक्री किंमत १०० धरली. दुकानातून विकायचे असेल आणि विक्रेत्याने ४० घेतले, वाहतूक व साठवणुकीला ८, जाहिरातीला १०, परत येणाऱ्या व खराब मालासाठी ४ धरले, तर हातात ३८ उरतात. साच्याचा वाटा, वेष्टन, चाचण्या आणि नफा हे सगळे त्यातूनच निघायचे असते, त्यामुळे कारखान्याने एका नगाचे २५ सांगितले तर तो व्यवहार जमणारा नाही, हे साचा टाकण्याआधीच कळते.

सर्वाधिक फसवणूक साच्याच्या वाट्यात होते आणि ती आपण स्वतःचीच करतो. साच्याचा खर्च ५०० नगांच्या विक्री किमतीइतका असेल, तर १०,००० नगांवर वाटल्यास प्रत्येक नगावर त्याचा भार ५ टक्के पडतो. तोच १,००० नगांवर वाटला तर ५० टक्के होतो. हिशेबात १०,००० लिहून ऑर्डर १,००० नगांची देणारे बरेच असतात. भाग द्यायचा तो पहिल्या खेपेच्या खऱ्या संख्येनेच द्यावा. त्याने गणित बसत नसेल, तर पोलादी साच्याविना होणारी पद्धत पाहावी: पत्रा वाकवणे, लेझरने कापणे, थ्रीडी प्रिंट, किंवा सिलिकॉनच्या साच्यात रेझिन ओतणे. शेवटच्या पद्धतीत एका सिलिकॉन साच्यातून साधारण वीसेक नग निघतात. त्यात एका नगाचा खर्च जास्त येतो, पण चूक स्वस्तात सुधारता येते.

३. नमुने: दिसणारा वेगळा, चालणारा वेगळा

पहिला नमुना पुठ्ठ्याचा असावा. ही थट्टा नाही. फोनचा कोन, उंची आणि पायांमधील अंतर पुठ्ठ्यावर एका दुपारात ठरते. तेच संगणकावरच्या आराखड्यात ठरवायला आठवडा जातो. त्यानंतर दोन स्वतंत्र नमुने करावेत: एक केवळ रूप दाखवणारा, दुसरा केवळ काम करणारा. दोन्ही गुण एकाच नमुन्यात आणण्याच्या नादात महिने जातात आणि अखेरीस दिसायला बरा, पण बिजागरीत सैल असा एक नग हाती पडतो.

थ्रीडी प्रिंटवरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे नीट समजून घ्यावे. आकार, हाताळणी आणि भागांची जुळणी त्यावर बऱ्यापैकी तपासता येते. ताकद मात्र तपासता येत नाही, कारण थरांवर थर रचलेली वस्तू थरांच्या सांध्यात तुटते आणि साच्यातून आलेली वस्तू वेगळ्याच ठिकाणी तुटते. पॉलिप्रोपिलिन या प्लास्टिकची पातळ पट्टी हजारो वेळा वाकवली तरी तुटत नाही, म्हणूनच डब्यांच्या झाकणांना जोडबिजागरी करता येते. पण ती बिजागरी साधारण थ्रीडी प्रिंटमध्ये काढली तर थोड्याच घड्यांत तुटते आणि चांगली कल्पना विनाकारण रद्द होते. उलटही घडते: प्रिंटमध्ये घट्ट बसलेली पिन साच्यातील गुळगुळीत छिद्रात सैल फिरू लागते.

सावधान: नमुना घरच्यांना आणि मित्रांना दाखवून ‘छान आहे’ ऐकणे ही चाचणी नव्हे. नमुना वापरायला देऊन, काही न सांगता, समोर बसून पाहावे. माझ्या स्टँडची घडी पाचपैकी तीन जणांनी उलट्या दिशेने उघडायचा प्रयत्न केला. पट्टीच्या कडेला बोटासाठी एक खोबण दिल्यावर तो गोंधळ मिटला.

४. हक्क राखणे, आणि तेही दाखवण्याआधी

वस्तूत खरोखर नवीन तांत्रिक युक्ती असेल तर पेटंटचा अर्ज प्रदर्शनात मांडण्याच्या, व्हिडिओ टाकण्याच्या किंवा ग्राहकांची आगाऊ मागणी नोंदवून घेण्याच्या आधी करावा. अनेक देशांत स्वतःच केलेले जाहीर प्रकटनही कायद्याच्या दृष्टीने नावीन्य संपवते. पेटंट, डिझाइन अशा हक्कांविषयीच्या पॅरिस करारानुसार पहिल्या अर्जानंतर पेटंटसाठी १२ महिन्यांत आणि औद्योगिक डिझाइनसाठी ६ महिन्यांत इतर सदस्य देशांत अर्ज केल्यास पहिल्या अर्जाची तारीख टिकते. केवळ रूप वेगळे असेल तर डिझाइनची नोंदणी पुरते. नाव आणि चिन्ह यांची नोंदणी त्याहून वेगळी असते. दुसऱ्याच्या हक्कावर आपण पाय देत नाही ना, हा शोधही याच वेळी घ्यावा. तो पुढे ढकलणाऱ्याला छापलेली वेष्टने फेकून द्यावी लागण्याची शक्यता असते.

५. कारखान्यात बनेल असा आराखडा

सर्वाधिक चुका या टप्प्यात होतात, म्हणून येथे थोडे थांबू.

पहिली गोष्ट भिंतीची जाडी. इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरून काढलेल्या, लहान वस्तूंत ती बहुधा २ ते ३ मिलिमीटर असते, आणि आकड्यापेक्षा ती सर्वत्र सारखी असणे अधिक महत्त्वाचे आहे. जाड भाग उशिरा थंड होतो, आत आक्रसतो आणि बाहेरच्या पृष्ठावर खळगा पडतो. थंड व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली की तो वेळ चौपट होतो आणि तितके यंत्राचे भाडे वाढते. त्यामुळे ताकद हवी म्हणून भिंत जाड करण्याऐवजी मागच्या बाजूने बरगड्या द्याव्यात. बरगडीची जाडी भिंतीच्या निम्म्याच्या आसपास ठेवावी. ती साठ टक्क्यांच्या वर गेली की तिच्या पाठीवर पुन्हा तोच खळगा दिसतो.

दुसरी गोष्ट उतार, ज्याला साचेवाले ड्राफ्ट म्हणतात. साच्यातून वस्तू सरळ बाहेर यायची तर तिच्या उभ्या भिंती किंचित तिरप्या असाव्या लागतात. साधारण १ ते २ अंश पुरतात, पण पृष्ठावर खरखरीत पोत हवा असेल तर पोताच्या खोलीनुसार उतार वाढवावा लागतो. हे विसरल्यास वस्तू बाहेर पडताना साच्याला घासते आणि प्रत्येक नगावर ओरखडे येतात. आडव्या दिशेने जाणारी खाच किंवा छिद्र असेल तर साच्यात सरकता भाग बसवावा लागतो, त्याने साचा महागतो आणि त्याची देखभाल वाढते. असे प्रत्येक ठिकाण शोधून ‘हे सरळ दिशेने होईल का?’ असे विचारावे. माझ्या आराखड्यात अशी तीन ठिकाणे होती. त्यांतील दोन केवळ सौंदर्यासाठी होती आणि ती काढल्यावर कोणाच्या लक्षातही आले नाही.

तिसरी गोष्ट प्लास्टिकची निवड, आणि ती साच्याआधीच पक्की असली पाहिजे. एबीएस हे प्लास्टिक थंड होताना साधारण अर्धा टक्का आक्रसते, तर पॉलिप्रोपिलिन एक ते अडीच टक्के. म्हणजे १०० मिलिमीटरच्या पट्टीत एकाचा फरक अर्धा मिलिमीटर, तर दुसऱ्याचा एक ते अडीच मिलिमीटर. साचा या आक्रसण्याइतका मोठा कापलेला असतो, म्हणून ‘आधी एबीएसमध्ये काढू, मग स्वस्त पॉलिप्रोपिलिनमध्ये’ हा बेत त्याच साच्यात जमत नाही.

चौथी गोष्ट क्वचितच कोणी विचारतो: वितळलेले प्लास्टिक साच्यात कुठून शिरणार? छिद्राभोवती प्रवाह दुभंगतो आणि पलीकडे पुन्हा मिळतो. त्या मिलनाच्या रेषेवर वस्तू कमजोर असते. बिजागरीच्या छिद्राशी ही रेषा ज्या बाजूला ताण येतो तिथेच आली, तर पिन ठोकतानाच तडा जातो. साचेवाल्याला प्रवेशाची जागा चित्रावर खूण करून मागावी आणि ताणाची बाजू आपण स्वतः दाखवून द्यावी.

तपासणी: प्रत्येक भागाच्या चित्रावर चार प्रश्नांची उत्तरे असावीत: भिंत किती, उतार कोणत्या दिशेला, साच्याचे दोन भाग कोठे मिळतात, आणि दिसणारी बाजू कोणती.

६. कागदपत्रे

थ्रीडी फाइल म्हणजे पूर्ण माहिती नव्हे. सोबत मापांचे चित्र हवे आणि त्यात फक्त निर्णायक मापांना काटेकोर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाची मर्यादा, द्यावा. पिनच्या छिद्राला तो आवश्यक आहे, पट्टीच्या लांबीला नाही. सगळीकडे ०.०५ मिलिमीटर लिहून टाकणारा माणूस काळजीपूर्वक काम करतो असे वाटते, प्रत्यक्षात त्याने निर्णय टाळलेला असतो आणि कारखाना त्याची किंमत लावतो.

दुसरा कागद म्हणजे सुट्या भागांची यादी, बीओएम. पिनचा धातू व मुलामा, रबराचा कडकपणा, चिकट टेपचा प्रकार, प्लास्टिकचा नेमका ग्रेड, रंगाचा संदर्भ क्रमांक, एवढेच नव्हे तर आतली पिशवी आणि माहितीपत्रकही तिच्यात असावे. प्रत्येक कागदावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाकावी. ‘शेवटची फाइल’, ‘अगदी शेवटची फाइल’ अशा नावांनी पाठवलेल्या चित्रांतून जुने चित्र यंत्रावर चढते, आणि त्याचा दोष कोणालाच देता येत नाही.

७. कारखाना निवडणे

किमान तीन ठिकाणी कागदपत्रांचा तोच संच, त्याच तारखेला पाठवावा. उत्तरात नुसता आकडा देणाऱ्यापेक्षा ‘ही भिंत जाड आहे, खळगा येईल’ असे सांगणारा अधिक उपयोगी. साचा आणि नग यांचे दर वेगवेगळे मागावेत. साचा फुकट देऊ करणारा त्याची वसुली नगाच्या दरातून करतो आणि साचा त्याच्याच मालकीचा राहतो.

करारात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात: साच्याची मालकी कोणाची, तो हलवायचा असल्यास किती दिवसांत मिळेल, तो किती नग काढेपर्यंत टिकेल, दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, आणि आमच्या लेखी संमतीवाचून कच्चा माल बदलायचा नाही. पैसे टप्प्यांत द्यावेत आणि शेवटचा हप्ता मंजूर नमुन्याशी बांधावा. ‘नमुने पाठवले’ आणि ‘नमुने मंजूर झाले’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

८. साचा आणि पहिले नग

आता कुठे साच्याची वेळ येते. येथे एक नियम लक्षात ठेवावा: साच्यातून पोलाद काढणे सोपे, त्यात पोलाद भरणे अवघड. वस्तूत जे पोकळ दिसते ते साच्यात पोलाद असते. माझ्या स्टँडची खाच ११ मिलिमीटरची होती, कारण मी मोजमाप कव्हर नसलेल्या फोनवर घेतले होते. जाड कव्हरचा फोन तीत जाईना. खाच रुंद करायची म्हणजे साच्यातली उभी पोलादी पट्टी जाड करायची, आणि ते शक्य नसल्याने नवीन पट्टी कापून बसवावी लागली. काम तीन आठवडे अडले. खाच आधीच १५ ठेवली असती, तर पट्टी घासून ती अरुंद करणे एका दिवसाचे काम होते. म्हणून जिथे शंका आहे तिथे माप मुद्दाम त्या बाजूला ठेवावे, जिकडून दुरुस्ती म्हणजे घासणे असेल. जुळणी सैल ठेवून मग घट्ट करत यावे.

पहिल्या फेरीचे नग हे रूपासाठी नसतात. त्यांत कडेला पातळ पापुद्रा निघेल, एखादा कोपरा अर्धवट भरलेला असेल, वस्तू किंचित पिळलेली असेल. या फेरीत फक्त मापे आणि जुळणी पाहावी. दुसऱ्या फेरीत ताकद आणि बिजागरी तपासावी. पृष्ठाचा पोत सर्वांत शेवटी कोरून घ्यावा, कारण पोत आल्यानंतर साच्याला हात लावला की तो भाग पुन्हा कोरावा लागतो. ‘दिसायला कसे वाटते ते आधी बघू’ म्हणून पोताची घाई करणारे हा खर्च दोनदा करतात.

तपासणी: सर्व चाचण्या उत्तीर्ण झालेले तीन नग निवडून त्यांवर तारीख व सही करावी. एक आपल्याकडे, एक कारखान्यात, एक तपासनीसाकडे. पुढचा प्रत्येक वाद हे नग टेबलावर ठेवून मिटवायचा.

९. प्रायोगिक खेप

थेट पूर्ण ऑर्डर देऊ नये. पन्नास ते दोनशे नग खऱ्या साच्यावर, खऱ्या कामगारांकडून, खऱ्या वेगाने काढून घ्यावेत आणि शक्य असल्यास जुळणीच्या टेबलापाशी उभे राहावे. मला तिथेच दिसले की रबरी पाय चिकटवणारा कामगार टेपचा कागद नखाने काढताना चिकट बाजूला बोट लावत होता आणि ते पाय दोन दिवसांत निघत होते. आराखड्यात चूक काहीच नव्हती. टेपच्या कागदाला एक शेपटी दिली आणि प्रश्न सुटला.

१०. मालाची तपासणी

‘सगळे नग चांगले असावेत’ ही अट लिहून उपयोग नाही, कारण ती कशी तपासायची ते तिच्यात नाही. दोषांचे तीन वर्ग करावेत: धोकादायक, मोठे आणि किरकोळ. धार लागून हात कापेल असा नग धोकादायक, बिजागरी न टिकणे मोठा दोष, खालच्या बाजूचा बारीक डाग किरकोळ. नमुना तपासणीसाठी आयएसओ २८५९-१ हे मानक सर्वत्र वापरले जाते. त्याच्या तपासणीच्या सामान्य दुसऱ्या पातळीनुसार १,००० नगांच्या खेपेतून ८० नग उचलायचे, एक्यूएल, म्हणजे चालवून घेण्याजोग्या सदोष नगांची टक्केवारी, २.५ धरल्यास त्यांत पाचपर्यंत सदोष निघाले तर खेप स्वीकारायची, सहा निघाले तर नाकारायची. धोकादायक दोषाला मात्र शून्य.

सावधान: ८० नग कारखान्याने काढून ठेवलेल्या पेटीतून घेऊ नयेत. पेट्या आपण निवडाव्यात, आणि तपासणी माल भरून झाल्यावर, पण शेवटचा हप्ता देण्याआधी करावी.

११. वेष्टन आणि वाहतूक

वेष्टन शेवटी ठरवले जाते म्हणून ते घाईत ठरते. कुरिअरच्या दरात प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरचे वजन यांतील जे जास्त ते धरतात. बहुतेक ठिकाणी सेंटिमीटरमधील लांबी, रुंदी व उंचीच्या गुणाकाराला ५,००० ने भागतात. २० × १५ × १० चा खोका ६०० ग्रॅमचा धरला जातो, त्याचीच उंची १० ऐवजी ४ सेंटिमीटर केली तर २४० ग्रॅमचा. स्टँड उघडा ठेवून आकर्षक खोक्यात विकायचा की मिटवून चपट्या खोक्यात, हा निर्णय म्हणूनच दुसऱ्या टप्प्यातल्या हिशेबातही उतरतो. भरलेला खोका कोपऱ्यावर, कडांवर आणि सपाट बाजूंवर पाडून पाहावा. बारकोडसाठी उसने क्रमांक घेऊ नयेत; मोठे विक्रेते ते पडताळतात.

१२. पहिली विक्री

पहिली खेप लहान ठेवावी आणि प्रत्येक तक्रारीची नोंद खेप क्रमांकासह करावी, त्यासाठी तो क्रमांक वस्तूवर किंवा निदान खोक्यावर छापलेला हवा. परत आलेला नग फेकू नये. उघडून पाहावा, कारण ‘बिजागरी सैल आहे’ असे दहा जण लिहितात तेव्हा चार नगांत पिन आखूड असते, तीन नगांत छिद्र मोठे असते आणि तिघांनी घडी उलटी उघडलेली असते. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत: पहिल्यासाठी पिन पुरवणारा, दुसऱ्यासाठी साचा, तिसऱ्यासाठी माहितीपत्रक. दुसऱ्या खेपेची ऑर्डर ही नोंदवही समोर ठेवूनच द्यावी आणि बदललेल्या प्रत्येक चित्रावर नवा आवृत्ती क्रमांक टाकून जुनी चित्रे कारखान्याकडून परत मागवावीत.